गेडी लीचा बेस गहाणवटीच्या दुकानातून आला होता

पत्र : काका, मी वेंगुर्ल्याची. वय २४. काजू कारखान्यात हिशेब बघते, पगार १८ हजार. तीन वर्षं आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते, पण बेस माझा नाही. दादाच्या मित्राचा आहे, जुना, नाव पुसलेला. मी ६५ हजार साठवलेत आणि तेव्हापासून ग्रुपमध्ये रोज वाद चालू आहे. ड्रमर म्हणतो, घ्यायचाच तर फेंडर कंपनीचा सिग्नेचर, म्हणजे नामांकित वादकाच्या नावाचा बेस घे, गेडी लीचा नाहीतर जाकोचा. दीड लाख. उरलेल्या ८५ हजारांसाठी दोन वर्षं महिना ४,२०० चा हप्ता. कीबोर्डवाला म्हणतो पाच तारांचाच घे. मडगावात फेंडरचंच जॅझ बेस नावाचं वापरलेलं मॉडेल आहे, २०१८ चा, मेक्सिकोत बनलेला, ६० हजार सांगतायत. पण आमचा गिटारवाला म्हणतो तो नकली असणार, कारण फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं ठेवायची पट्टी, रोजवूडची नाही. माझे हात लहान आहेत. आणि खरं सांगू? तो उसना बेस अडकवून स्टेजवर गेले की मला कुणी वाजवणारी समजतच नाही असं वाटतं. आई म्हणते, "बाय, तां मिरवूक होया की वाजवूक?" काय करू?

उत्तर :

बाय, हप्त्यावर घेऊ नकोस. हे आधी सांगून टाकतो. बाकीचं निवांत बोलता येईल, पण त्याआधी ड्रमरने तुला दुकानात नेलं तर माझं उत्तर उशिरा पोचेल. महिना ४,२०० दोन वर्षं म्हणजे १ लाख ८०० रुपये. ८५ हजारांवर वरचे १५,८०० नुसते व्याजाचे. तेवढ्यात तारांचे सात-आठ सेट येतात, म्हणजे चार वर्षांची निश्चिंती. आणि १८ हजारांतून ४,२०० गेले की पहिल्या महिन्यापासून तो बेस हातात घेताना तुला हप्त्याची तारीख आठवणार. वाद्याशी असं नातं जुळू नये असं मला मनापासून वाटतं.

मी हे अनुभवाने सांगतो. २००८ साली मी पतसंस्थेचं कर्ज काढून एक फ्रेटलेस, म्हणजे मानेवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेला बेस घेतला होता. जाकोचं नाव त्यावर होतं आणि मला तेवढंच दिसत होतं. फ्रेट नसलेल्या मानेवर सूर बोटाने शोधावा लागतो, आणि शोधण्यासाठी आपला आवाज आपल्याला ऐकू यावा लागतो. आमच्या स्टेजवर मॉनिटर एकच असायचा, तोही गायकाकडे तोंड करून. मागे जनरेटर, शेजारी ढोलकी. दोन हंगाम मी प्रत्येक कार्यक्रमाला घाबरत उभा राहिलो आणि शेवटी अर्ध्या किमतीला तो विकला. बेस उत्तम होता. माझ्या कामाचा नव्हता.

आता ज्या सह्यांवरून तुमच्यात वाद चाललाय, त्या माणसांकडे त्यांचे बेस कसे आले ते बघ.

गेडी ली हा रश या कॅनडाच्या बँडचा बेसवाला. त्याचा काळा जॅझ बेस १९७२ चा. तो त्याला अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावात, गहाणवटीच्या दुकानात मिळाला, साधारण दोनशे डॉलरना. कुणाचा तरी न सोडवलेला ऐवज. त्याच बेसवरून फेंडरने १९९८ मध्ये त्याच्या नावाचं मॉडेल काढलं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफ्नर ५००/१ घेतला तो तीस पौंडांना. फेंडर त्याला परवडत नव्हता. शिवाय तो डावखुरा, आणि व्हायोलिनच्या आकाराचा बेस दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी वाईट दिसत नव्हता. किंमत आणि सोय, या दोन कारणांनी घेतलेलं ते वाद्य. अमेरिकन बेसवाल्या मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस मुळात चारचौघांसारखा होता. न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोव्हस्की या गिटार-कारागिराकडे नेऊन त्याने त्यात प्रीअँप, म्हणजे आवाज घडवणारं छोटं सर्किट, बसवून घेतला, तेव्हा त्याचा तो खणखणीत आवाज तयार झाला.

आणि जाको. जाको पास्टोरियस हा अमेरिकन बेसवाला फ्लोरिडात समुद्राकाठी वाढला. त्याचा १९६२ चा जॅझ बेस होता. त्याचे फ्रेट काढून टाकले, खाचा भरल्या, पण राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या खरबरीत तारा उघड्या लाकडाला खरवडत राहिल्या. तेव्हा त्याने फ्रेटबोर्डवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं. आपल्याकडे मालवणला, वेंगुर्ल्याला फायबरच्या होड्यांवर रेझिनचं काम चालतं, त्याच जातीतली ही वस्तू. ज्या आवाजाच्या मागे जगभरचे बेसवाले लागले, त्यातला एक भाग बंदरावरच्या डब्यातून आलेला आहे. ही गोष्ट आठवली की मला फार बरं वाटतं.

म्हणजे सिग्नेचर मॉडेल हे एका माणसाने आपल्या हाताची, आपल्या गाण्यांची अडचण सोडवून काढलेलं उत्तर असतं. कंपनी ते जसंच्या तसं बनवून विकते. तुझी अडचण तीच असेल तर जरूर घे, त्यात कमीपणा काहीच नाही. गेडी लीच्या मॉडेलची मान पातळ आहे, लहान हाताला ती सुखाची वाटते, हे ड्रमरने सांगितलं असतं तर मी त्याचं म्हणणं मान डोलावून ऐकलं असतं. आयर्न मेडन बँडच्या स्टीव्ह हॅरिसच्या मॉडेलला फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा असतात, कारण तो त्याच वाजवतो. असं कारण हवं. नावाच्या खाली काय आहे ते वाचायचं : नटजवळ (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मानेची रुंदी, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) कुठले, वजन किती. नाव सगळ्यात शेवटी.

सहीचं एक उदाहरण तुझ्या आवाक्यातलंही आहे. मार्कस मिलरच्या नावाने सायर ही कोरियन कंपनी बेस काढते. ते इंडोनेशियात बनतात आणि त्यांच्या किमती अमेरिकन फेंडरच्या जवळपासही जात नाहीत. इथे त्याचं नाव महागड्या वस्तूला चिकटवलेलं नाही, वस्तूच मुळात लोकांना परवडावी म्हणून काढलेली आहे. प्रीअँप मात्र त्यातल्या बहुतेकांत आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी तुझे हात.

फेंडरचे नेहमीचे बेस ३४ इंच स्केलचे. नटापासून ब्रिजपर्यंत, म्हणजे बेसच्या अंगावर तारा अडकतात तिथपर्यंत, वाजणारी तार तेवढी लांब. अशा बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत जवळजवळ १३ सेंटिमीटर अंतर पडतं. ३० इंचांच्या शॉर्ट स्केलवर तेच साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येतं. दीड सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण रात्री बाराच्या सुमाराला, तिसऱ्या तासाला, करंगळीला ते बरोबर कळतं. मॅकार्टनीचा हॉफ्नर ३० इंचांचाच. फेंडरने १९६६ मध्ये मस्टँग बेस काढला तोही ३० चा. फेंडरच्याच स्वस्त शाखेचे, स्क्वायरचे, मस्टँग आणि ब्राँको स्वस्तातले शॉर्ट स्केल आहेत. आयबानेझचा मायक्रो तर त्याहून आखूड, २८.६ इंच.

पण शॉर्ट स्केलकडे धावण्यापूर्वी एक करून बघ. खालच्या फ्रेटांवर चार फ्रेटांना चार बोटं ताणायची गरजच नाही. उभा डबल बेस वाजवणारे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात. तिसरं चौथ्याच्या आधाराला राहतं आणि तीन फ्रेटांचा पल्ला घेऊन अख्खा हात सरकवतात. फ्रान्त्स सिमांडलच्या पद्धतीची ही बोटं गेली शंभराहून जास्त वर्षं शिकवली जातायत. पाचव्या फ्रेटच्या वर गेलीस की चार बोटं चार फ्रेटांना आपोआप पुरतात. महिनाभर तसं वाजव. तरीही मनगट दुखत असेल तर शॉर्ट स्केल. आणि दुखणं हाताच्या मापाचंच असेल असं नाही. पट्टा फार खाली सोडला की मनगट मोडल्यासारखं वळतं. बसून वाजवताना बेस जिथे असतो, उभी राहिल्यावरही तिथेच राहील एवढा पट्टा आखूड कर.

मानेची रुंदी हा लांबीपेक्षा मोठा मुद्दा आहे आणि दुकानात तो कुणी सांगत नाही. जॅझ बेसची मान नटजवळ ३८ मिलिमीटर. फेंडरच्याच प्रिसिजन मॉडेलची त्याहून रुंद, ४१ च्या पुढेच. पाच तारांची आणखी रुंद. लहान हाताला जॅझ बेस बसतो, तोही पूर्ण लांबीचा. म्हणून मडगावच्या बेसबद्दल वाचून मला आनंद झाला.

आता कीबोर्डवाल्याचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, कारण त्याच्या म्हणण्यात आपल्याकडच्या गाण्यांपुरतं एक खरं कारण आहे, ते त्याला ठाऊक असो वा नसो. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन. तुमचा गायक काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गात असेल, आणि भजनातून आलेले पुरुष गायक पुष्कळदा गातात, तर त्याचा खालचा सा तुझ्या बेसवर नाहीच. मग तू तो वरच्या सप्तकात घेतेस : काळी एक म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट, पांढरी दोन म्हणजे पाचवा. पाच तारांवर तो खाली मिळतो. मुंबईच्या स्टुडिओत, मोठ्या हॉलमध्ये, चांगल्या सबवूफरवर याचा उपयोग आहे.

मांडवात नाही. पाचव्या तारेचा मोकळा सूर ३१ हर्ट्झच्या जवळ येतो, चौथ्या तारेचा ४१. गावच्या साउंडवाल्याचे टॉप स्पीकर एवढं खालचं वाजवत नाहीत. त्यांच्यातून आपल्याला त्या सुरांचे वरचे उपस्वर, म्हणजे हार्मोनिक, तेवढे ऐकू येतात, आणि कान बाकीचं भरून घेतो. पाचव्या तारेसाठी जास्त पैसे मोजायचे, रुंद मान सांभाळायची, आणि तो सूर मात्र मांडवाबाहेर उभ्या माणसापर्यंत पोचणारच नाही. फारच अडलं तर खालची तार एका सुराने उतरवून पांढरी दोनला लाव, त्याला ड्रॉप डी म्हणतात. चार गाण्यांसाठी तेवढं पुरतं. तुझ्या जागी मी चारच तारा घेईन.

मांडवाचंच आणखी एक. जनरेटर, ट्यूबलाइट आणि माळा यांच्यामुळे बेसमधून गुणगुण येते. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणला तेव्हा त्यात एकच सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचा, पिकअप होता. १९५७ पासून त्याचे दोन तुकडे केले, आणि ते एकमेकांची गुणगुण मारतात. म्हणून प्रिसिजन मांडवात शांत असतो. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन वेगळे सिंगल कॉइल. दोघांचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की गुणगुण जाते, एक कमी केला की परत येते. जॅझ बेस घेतलास तर मांडवात दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेव आणि आवाजाचा पोत टोनच्या नॉबवर आणि बोट कुठे मारतेस त्यावर बदल. मानेजवळ मारलं की गोल, ब्रिजजवळ मारलं की टणक. आणि बाय, माईकला ओठ लागताच झटका बसत असेल तर गाणं थांबवून बेस खाली ठेव, कुणाला काहीही वाटो. ओली जमीन आणि नसलेलं अर्थिंग यात थट्टा नाही.

सायरच्या प्रीअँपबद्दल म्हटलं होतं. प्रीअँप असलेल्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह बेसला नऊ व्होल्टची बॅटरी लागते, काहींना दोन. आवाज घडवायला तो फार छान असतो. पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह बेसांत बॅटरीचा कप्पा हिरवा पडलेलाच पुष्कळदा दिसतो. खारी हवा पहिली तिथे शिरते. त्यातून बेसला जॅक लावून ठेवला की बॅटरी आपोआप संपत राहते, आणि नवी बॅटरी रात्री अकरा वाजता आरवलीच्या जत्रेत कुठे शोधणार? जवळपास दुरुस्त करणारा नसेल तर पॅसिव्ह बेस बरा. दोन-तीन नॉब, एक जॅक, आत चार वायरी. सोल्डरिंग येणारा रेडिओवालासुद्धा तो सुधारू शकतो.

आता मडगाव. तुमच्या गिटारवाल्याला सांग की २०१८ चा मेक्सिकन फेंडर रोजवूडचा नाही म्हणून नकली ठरत नाही; उलट त्या वर्षीचा रोजवूडचा निघाला असता तर मी जास्त चौकशी केली असती. कारण ऐक. रोजवूड म्हणजे आपला शिसव आणि त्याचे भाऊबंद. आपला शिसव सह्याद्रीत वाढतो, आणि ब्राझीलचा रोजवूड दुर्मीळ झाल्यापासून जगभरच्या गिटारांच्या फ्रेटबोर्डांना भारतातलाच फार वापरला गेला. वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय करारात जानेवारी २०१७ पासून त्या कुळातली सगळी झाडं आली, आणि तयार वाद्यं सीमेपार पाठवायलाही परवाने लागू लागले. तेव्हा फेंडरने मेक्सिकोतल्या मॉडेलांना पाव फेरो नावाचं दुसरं लाकूड वापरायला सुरुवात केली. रंगाला ते थोडं फिकट, तांबूस, रेषा जास्त. तयार वाद्यांना सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९ अखेरीस. २०१८ मध्येच प्लेअर ही मालिका आली, तिच्या बेसांना मेपल नाहीतर पाव फेरो. म्हणजे तुझ्या मडगावच्या बेसचं लाकूड त्याच्या वयाशी जुळतंय. हेडस्टॉकवरचा, म्हणजे मानेच्या वरच्या टोकावरचा, नंबर एमएक्सने सुरू होतो का आणि पुढचे दोन आकडे साल दाखवतात का ते बघ. तो नंबर कंपनीकडे पडताळून घे.

खरेपणापेक्षा मला काळजी त्याच्या तब्येतीची आहे. गोव्याची हवा आपल्यासारखीच. सावंतवाडी रोडवरून सकाळची गाडी पकड, घाईत असशील अशा दिवशी जाऊ नकोस. आधी बेस न वाजवता डोळ्यासमोर बंदुकीसारखा धर आणि ब्रिजकडून मानेवरून बघ. किंचित पुढे झुकलेली मान चालते. पिळलेली, म्हणजे एक कड वर आणि एक खाली अशी, दिसली तर नमस्कार करून परत ये. पीळ सहज निघत नाही. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच तारेवर दाब आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटशी फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असावी. जास्त असेल तर ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या सळीने, कमी होते, पण त्यासाठी रॉड फिरणारा हवा. मालकाला विचार, त्याच्यासमोरच पाव फेरी फिरवून बघू का. नाही म्हणाला तर त्यातच उत्तर मिळालं असं समज. गंजून अडकलेला रॉड हे किनारपट्टीवरच्या बेसचं सगळ्यात महाग दुखणं.

नंतर चारही तारा, प्रत्येक फ्रेट, एकेक करून सावकाश वाजव. वीस फ्रेट, ऐंशी सूर, दहा मिनिटं. कुठे खरखर आली, कुठे सूर पटकन मेला, कागदावर लिहीत जा. डी आणि जी तारांवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर थोडा लवकर विझतो, फेंडरमध्ये तो असतोच, त्याने घाबरू नकोस. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर एक यायला हवा. ब्रिजच्या बारक्या स्क्रूंना अ‍ॅलन की लावून बघ, फिरतात का गंजून एकजीव झालेत. नॉब फिरवताना करकर झाली तर चिंता नाही, ती स्प्रेने जाते. मोबाइलचा टॉर्च ने, आणि जमलं तर वजनकाटाही. चार-साडेचार किलोच्या पुढचा बेस तीन तास तुझ्या खांद्यावर नको.

हे सगळं ठीक निघालं तर ५४ पर्यंत उतरवून घे. ते साठ म्हणतायत म्हणजे तेवढी जागा त्यांनी ठेवलेली असते. उरलेल्या ११ हजारांत तारा, सेटअप (मान, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं), चार बोटं रुंद पट्टा आणि जाड अस्तराची बॅग बसते, वर दोनेक हजार शिल्लक राहतात. माझ्या मते दीड लाखाच्या बेसपेक्षा, चांगला सेटअप केलेला ५४ हजारांचा बेस तुला जास्त दूर नेईल.

नाही जमलं तर नवीन घे. वीस-पंचवीस हजारांच्या घरात यामाहाचा टीआरबीएक्स १७४ किंवा आयबानेझचा जीएसआर २०० येतो; भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून दोन दुकानांत विचारून घे. पैकी यामाहाची घडण मला जास्त आवडते. दहा यामाहा हातात घेतले तर दहाही सारखे निघतात. त्याच्या वर, चाळीस-पन्नासच्या घरात, स्क्वायरची क्लासिक व्हाइब मालिका आहे, आणि तिथल्या जॅझ बेसबद्दल मी दोघातिघांना सांगितलं, एकाचीही तक्रार आली नाही. परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नकोस. कस्टम आणि कुरिअर धरल्यावर स्वस्त उरत नाही, आणि मान पिळलेली निघाली तर परत कुठे पाठवणार?

पण मडगावला जाण्याआधी तुझ्या उसन्या बेसवर दोन-अडीच हजार खर्च कर. दादाच्या मित्राला विचार आणि त्याचा सेटअप करून, नव्या तारा घालून घे. तीन वर्षं तू त्याच्यावर वाजवतेस, तारा कधी बदलल्या होत्यास का? उंच अ‍ॅक्शनचा, म्हणजे तारा मानेपासून उंच असलेला, गंजक्या तारांचा बेस लहान हाताला दुप्पट लांब वाटतो. तो नीट झाल्यावर महिनाभर वाजवलास की तुला काय हवंय ते बोटं स्वतः सांगतील, आणि ज्याने तीन वर्षं वाद्य वापरू दिलं त्याला ते सुधारून परत गेलं तर चांगलंच.

घेतलेला बेस जगवायचा कसा, तेही सांगतो. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस. मृगापासून दसऱ्यापर्यंत चिरा पाणी सोडतो आणि बेसची पाठ ते ओढून घेते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापर. वाजवून झाल्यावर जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पूस. घामाचं मीठ आणि हवेतलं मीठ एकत्र आलं की आठवड्यात तार काळी पडते. ब्रिजच्या स्क्रूंना महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, सुईच्या टोकाने. पावसात मान पुढे झुकते आणि तारा उंच होतात, म्हणून चतुर्थीच्या आधी एकदा ट्रस रॉड बघून घ्यायचा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत. तुमचे कार्यक्रम गणपतीत जास्त, आणि नेमका तेव्हाच बेस सगळ्यात हट्टी असतो.

तारांत नेहमीच्या निकेलच्या घे, किंवा आवरण चढवलेल्या. त्या महाग पडतात पण आपल्या हवेत दुप्पट टिकतात. फ्लॅटवाउंड एकदा ऐकच. त्यांचा आवाज ढोलकीच्या थापीखाली असा बसतो की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर त्याच वाजवायचा, आणि वर्षानुवर्षं बदलायचा नाही. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. साठच्या दशकात अमेरिका ज्या गाण्यांवर नाचली त्यातल्या कितीतरी गाण्यांखाली तो आहे, आणि रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचं नाव छापून यायला १९७१ उजाडलं.

म्हणून पत्राच्या शेवटी लिहिलेल्या तुझ्या वाक्यावर येतो. कुणी वाजवणारी समजत नाही, असं तू लिहिलंस. मला वाटतं तुझ्या घरात दीड लाखाचा प्रश्न मुळात यामुळे उभा राहिलाय. पुढच्या तालमीला एक कर : सगळ्यात जोमाचं गाणं निवड आणि दुसऱ्या अंतऱ्याला, कुणाला न सांगता, आठ मात्रा हात उचलून घे. चौघंही वळून बघतील. ड्रमर पहिला, कारण पाय कशावर टाकायचा हे त्याला तुझ्याकडून कळत असतं. मग समेवर परत ये. त्यानंतर त्याला सांग की कार्यक्रमात बेसचा मॉनिटर मला हवा, आणि साउंड चेकला किक ड्रमनंतर लगेच बेसचा नंबर हवा. हे मागण्याचा हक्क तुला तीन वर्षांच्या वाजवण्याने मिळालाय, उसन्या बेसवर वाजवलंस तरी.

आईला सांग, वाजवूकच होया.

मडगावला गेलीस की मानेची फट, नटाची रुंदी, वजन आणि ज्या फ्रेटांवर खरखर आली त्यांचे आकडे मला लिहून पाठव, पैसे द्यायच्या आधी. घेतलास तर परतीच्या गाडीने कुडाळला उतर. सोमवार सोडून मी दुकानात असतो, सेटअप तुझ्यासमोर करू, म्हणजे पुढच्या चतुर्थीला तो तुला स्वतःला करता येईल.